रोजची गर्दी

कालव्यात होड्या फार झाल्यात, परवाना सक्तीचा करा, असा धोशा दाजीने तीन वर्षं लावला होता. दिवसातून दोनदा तरी कुणाच्या तरी होडीचं नाक त्याच्या होडीच्या कुशीत घुसायचं, आणि बहुतेक वेळा ती होडी त्याच्या मेहुण्याची असायची.

"पाणी काय तुम्ही विकत घेतलंय का, दाजी?" मेहुणा वर विचारायचा. त्याचं ऐकून सगळा कालवाच त्याला दाजी म्हणू लागला होता.

अखेर कार्यालयाचं पत्र आलं. मंगळवारी सकाळी साहेब होड्या मोजणार. गर्दी दिसली तरच परवाना. सोमवारी दुपारी दाजीची बायको माहेरी जाऊन आली.

"तुमची गर्दी उद्या सुट्टीवर आहे," तिने सांगितलं. "भाऊ घरोघर फिरलाय. उद्या कुणीही होडी सोडणार नाही."

दाजी तडक नातेवाइकांकडे धावला. मावशीची होडी परसात पालथी होती. तिच्यावर ती गोधड्या वाळत घालायची. साडूच्या होडीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. "एका सकाळचा तर प्रश्न आहे," असं सांगत त्याने अशा नऊ होड्या पाण्यात लोटल्या.

मंगळवारी दाजी स्वतःची होडी बांधून, इस्त्रीचा सदरा घालून साहेबांशेजारी उभा राहिला. समोर साडू उलटा वल्हवत होता. मावशी वल्ह्यापेक्षा बादलीच जास्त चालवत होती. अर्ध्या तासात कालवा तुंबला.

"रोज असंच असतं?" साहेबांनी विचारलं.

"अगदी रोज! याच होड्या, हीच माणसं!"

"आणि त्या काठाला बांधलेल्या?"

"त्या होय? त्या नुसत्या पडून असतात, साहेब."

साहेबांनी तसं लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी यादी लागली. मोजणीच्या दिवशी चालू असलेल्या होड्यांनाच परवाना. एकूण नऊ. दाजीने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

"साहेब, माझं नाव राहिलं."

"तुमची होडी कुठे होती त्या दिवशी?"

"बांधलेली."

"म्हणजे पडून असलेल्यांत," साहेब कागद बघत म्हणाले. "तुमच्याच तोंडचं आहे."

निदान मेहुणाही बुडाला, एवढ्या समाधानावर दाजी मावशीकडे गेला.

"मावशी, तुझ्या होडीला परवाना मिळालाय. तू कशाला या वयात दगदग करतेस? मी चालवतो."

"उशीर केलास रे. तुझा मेहुणा सकाळीच येऊन गेला. दिली मी त्याला."

दाजी ओट्यावर बसला. मावशीने त्याला पाणी दिलं.

"पण होडी फार गळते म्हणत होता," ती म्हणाली. "पाणी उपसायला विश्वासाचं माणूस हवंय त्याला. बादली माझ्याकडेच आहे. घेऊन जा."