महाले अण्णांचं नाक

टेकडी मी पेटवली.

एवढं साधं वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून आधी तेच उरकून घेतलं. नव्वदच्या दशकाची अखेर, फेब्रुवारीतली सकाळ, नाशिक रोडच्या पलीकडची म्हसोबाची टेकडी, कमरेइतकं वाळलेलं गवत आणि मी. मी शाळेत भूगोल शिकवायचो. ‘ऊन तापलं की वारा दरीतून डोंगराकडे चढतो’ हे येत नाही म्हणून मी कित्येक पोरांना बाकावर उभं केलंय. त्याच मी ऊन तापल्यावर दरीच्या बाजूनं काडी लावली. काडेपेटी कुठून आली ते पुढे सांगेन. सध्या एवढंच, की ती माझ्या मोज्यात होती.

पण हे सांगायचंय ते महाले अण्णांबद्दल.

अण्णा मूळचे हरसूलकडचे. उभी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, कोळशाच्या ढिगावर पाणी मारण्यात गेली. कोळशाचा ढीग आतून तापतो. वर धूर नाही, ज्वाळा नाही, आधी फक्त वास येतो. तो ओळखणारं नाक अण्णांना नोकरीत मिळालं की जन्मतःच होतं, कोण जाणे. निवृत्तीच्या वेळी बाकी सगळं खात्यात जमा केलं, नाक तेवढं घरी घेऊन आले. आणि घर नेमकं माझ्या शेजारी.

अण्णांना आगीची भीती वाटायची. तुम्हा-आम्हाला वाटते तशी नव्हे, आपल्याकडे लोक भुताला भितात तशी. स्वतःच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे, पण चहाच्या दोन कपांमध्येसुद्धा सिलिंडर बंद करायचे. दिवाळीत फटाके संपेपर्यंत ओली पोती घेऊन गच्चीवर. कॉलनीतल्या एका लग्नात तर बादली भरून मांडवातच उभे राहिले. त्या अल्बममध्ये आजही प्रत्येक फोटोत नवरीमागे मामा आणि मामामागे बादली आहे.

भर दुपारी दोनला माझ्या दाराची बेल वाजायची.

“मास्तर, वास येतोय.”

“कशाचा हो?”

“अजून नाय आला. येतोय.”

ह्या ‘येतोय’नं माझी पाचावर धारण बसायची. आलेल्या आगीवर पाणी टाकता येतं, येणाऱ्या आगीवर काय टाकणार? मग आम्ही गाद्या उलथायचो, फ्रिजमागे वाकून बघायचो. काही सापडायचं नाही. अण्णा जाताना बजावायचे, “नाय सापडली म्हंजे नाय असं नाय.” रात्रभर मी उशीचा वास घेत पडायचो. बायको म्हणायची, “त्यांचं नाक जाऊ दे, तुमचं डोकं तपासून घ्या.”

टेकडी सरकारी. वनखात्याच्या परवानगीनं कॉलनीतले आम्ही काही जण आणि पायथ्याचे माळी तिथे झाडं लावून राखायचो. जुलैत लागवडीचा कार्यक्रम. बॅनर, माईक, पाहुणे, प्रत्येकाच्या हातात एक रोप आणि प्रत्येक रोपामागे दोन फोटो. अण्णा त्या दिवशी यायचेच नाहीत.

“पावसाळ्यात कोण बी झाड लावतं,” ते म्हणायचे. “मार्चात जे उभं असतं, ते झाड.”

अण्णांचा कार्यक्रम दिवाळीनंतर सुरू व्हायचा. त्याला ना बॅनर, ना पाहुणे. आधी पायथ्याच्या सिंधूबाईला गवत कापून न्यायला सांगायचं. तिचा झेंडूचा मळा आणि चार म्हशी. कापलेलं गवत जळत नाही आणि म्हशीही खूश. मग फेब्रुवारीत जाळरेषा. म्हणजे दोन समांतर पट्टे खरवडून उघडे करायचे आणि मधलं गवत आपणच, आपल्या ताब्यात, जाळून टाकायचं. पुढे कोणी विडी टाकली तरी आग त्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन उपाशी मरते.

पण हे जाळायचं ते पहाटे, गवतावर दव असताना आणि वारा डोंगरावरून खाली उतरत असताना. सूर्य टेकडीच्या खांद्यावर आला की काम बंद. ह्यात सूट नाही. आणि काडी लावण्याआधी अण्णा अख्ख्या पट्ट्यातून पत्र्याचा डबा बडवत जायचे. “निघा रे बाबांनो, निघा. पेटवतोय.” ससे, तित्तर, काय असेल ते बाहेर पडायचं. एकदा टिटवीची अंडी सापडली, तर अण्णांनी जाळरेषेलाच वळसा दिला. ती रेषा अजून तिथे वाकडी आहे.

हाच डबा पायथ्याशी दुसऱ्या कामाला यायचा. वर जाणाऱ्या प्रत्येकानं आपली काडेपेटी त्यात टाकायची, उतरताना परत घ्यायची. अण्णा खिसे चाचपायचे. साहेब असो की सरपंच, सुटका नाही. मला मात्र दिवसातून चार सिगारेटी लागत आणि अण्णांची भयंकर भीती. म्हणून माझी काडेपेटी मोज्यात. तीन वर्षं ती तिथे सुखरूप होती.

तीन वर्षं अण्णांनी मला कामही एकच दिलं होतं. “मास्तर, तुम्ही पाणी धरा.” मी कॅन धरून उभा राहायचो. वाऱ्यांवर माझं इतकं प्रभुत्व, आणि सातवी शिकलेला माणूस मला पाणी धरायला लावतो! हे मनात खुपत होतं.

त्या दिवशी पन्नासेक पावलांचा तुकडा राहिला आणि सूर्य खांद्यावर आला. “ऱ्हाऊ द्या. उद्या,” म्हणून अण्णा पलीकडच्या उतारावर विझलेली राख तपासायला गेले. बाकीचे चहाला उतरले. मी एकटा उरलो. म्हटलं, पन्नास पावलं तर आहेत. अण्णा येईपर्यंत काम तयार. तोंडात बोट घालतील. मी मोज्यात हात घातला.

काडी ओढली तेव्हा ज्वाळा दिसलीसुद्धा नाही, इतकं ऊन होतं. आधी आवाज आला, कोणीतरी नवं कापड फाडावं तसा. मग माझ्या पायाशी असलेली आग माझ्या डोक्याच्या वर होती. खरवडलेला पट्टा तिनं पायरी ओलांडावी तसा ओलांडला. मी कॅन उपडा केला. बूच लावलेलंच होतं. वर सहा वर्षांची रोपं होती, करंज, कडुनिंब, आवळा, आणि आग त्यांच्याकडे पळत होती. मी ओल्या पायानं, बूच लावलेला कॅन हलवत उभा होतो. पाय कशानं ओले झाले होते ते विचारू नका. पाणी कॅनमध्येच होतं.

अण्णा उतारावरून अनवाणी धावत आले. आयुष्यभर ज्या गोष्टीला हा माणूस भीत होता, ती समोर उभी होती. त्यांनी निर्गुडीची फांदी मोडली आणि आगीच्या अंगावर गेले. खालून सिंधूबाई आणि तिच्या घरचे ओली पोती घेऊन आले. दीड तास झोडपत होते सगळे. शेवटी वरच्या जुन्या जाळरेषेपाशी, त्या टिटवीच्या वाकड्या वळणाशी, आग बसली. वरची रोपं वाचली. खालची काळी ठिक्कर.

दुपारी वनखात्याचे साहेब आले. करारी माणूस. म्हणाले, “निष्काळजीपणानं लागलीय. नाव सांगा. नाव मिळालं तर एक माणूस बंद. नाही मिळालं तर परवानगी रद्द, सगळेच बंद.”

मी अर्धं पाऊल पुढे टाकलं. अगदी खरं सांगतो, टाकलं. मग शाळा, हेडमास्तर, पेपरात नाव, ‘भूगोलाच्या शिक्षकाने’ असा मथळा, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि पाऊल आपोआप मागे गेलं.

“मी लावली,” अण्णा म्हणाले. “माझा अंदाज चुकला.”

साहेब बघतच राहिले. “अण्णा, तुम्ही? मग उद्यापासून टेकडीवर पाय ठेवायचा नाही.”

अण्णांनी मान हलवली, डबा सिंधूबाईच्या हातात दिला आणि खाली उतरले.

पुढचे महिने मी जसे काढले तसे शत्रूनं काढू नयेत. बेल वाजली की वाटायचं, साहेब आले. बेल वाजली नाही की त्याहून वाईट, कारण दुपारी दोनची बेल आता वाजेनाशीच झाली होती. संध्याकाळी अण्णा गच्चीवर टेकडीकडे तोंड करून बसायचे. एवढ्या लांबून काही कळणं शक्य नव्हतं. तरी नाक वर करून बसायचे.

मे महिन्यात एकदा मी धीर करून गच्चीवर गेलो. “अण्णा...” म्हटलं आणि थांबलो.

“बसा,” ते म्हणाले. मग आपणहून बोलले. “आमच्याकडं भातरोपाची जागा पेरणीआधी पालापाचोळा टाकून भाजतात. राब म्हणतो आम्ही. मी ल्हान होतो. बापानं राखायला बसवलं. मला वास आला, विझलेल्या राबाच्या पलीकडून. पण समदे हसतील म्हणून बोललो नाय. आख्खा डोंगर गेला. पंचात बाप उभा राहिला, म्हणला मीच लावली. माझं नाव नाय घेतलं.”

“म्हणून तुम्ही माझं...”

“नाय मास्तर. तुमचं काय त्यात?” ते माझ्याकडे बघून म्हणाले. “तुमच्या मोज्यात काडेपेटी असायची. गंधकाचा वास यायचा ना, तीन वर्सं. पण मास्तर माणसाला मोजे काढा कसं म्हणायचं? लाजलो. परत बोललो नाय. म्हंजे चूक माझीच की.”

मी जिना उतरलो तो कसा, ते आठवत नाही.

जुलैत लागवडीचा कार्यक्रम झाला. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. रोपं मांडलेली, पाहुणे खुर्चीत, साहेब त्यांच्या शेजारी. मी माईकपुढे उभा राहिलो, ‘सुस्वागतम्’ म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, “टेकडी मी पेटवली. अण्णांनी नाही.”

पाहुण्यांना वाटलं कविता आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी माईकचा दांडा घट्ट धरून उभा होतो, आणि दांडा कापत होता. साहेबांचा चेहरा लाल. मागून सिंधूबाईचा आवाज आला, “तरीच! अण्णा दिवसा काडी लावंल? मला लय आधी कळायला पायजे व्हतं.”

साहेब खुर्चीतून उठले. मग म्हणाले, “अण्णा उद्यापासून येतील. तुम्हाला वर घ्यायचं की नाही, ते अण्णा ठरवतील.”

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मी पायथ्याशी गेलो. बारीक पाऊस लागला होता. गवत हिरवंगार, चिखल घोट्यापर्यंत. अख्खी पेटी ओढली असती तरी एक काडी पेटली नसती. सिंधूबाई आणि तिच्या मागे दहा-बारा माणसं रांगेत उभी. पुढे अण्णा, हातात डबा, डोक्यावर पोत्याची खोळ. मला बघून त्यांचं नाक किंचित हललं.

मी हात वर केले. शर्टाचा खिसा उलटा करून दाखवला, पँटचे दोन्ही दाखवले. रांगेतलं कोणीतरी खुदखुदलं.

अण्णा खिशांकडे बघतच नव्हते. त्यांनी डबा पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

“मास्तर, मोजे काढा.”