देणाऱ्याचं नाव

युसूफभाईंनी बनवलेली कोणतीही भेटवस्तू हातात घ्या, तिच्यावर घेणाऱ्याचं नाव असतं. देणाऱ्याचं नसतं. पालथी करून बघा, झाकणाच्या आत बघा, बुडाशी बघा, सापडणार नाही. कितीही हातापाया पडा, हा माणूस देणाऱ्याचं नाव टाकत नाही म्हणजे नाही.

आता मला सांगा, ही काय रीत झाली? आपल्याकडे भेट देणारा आधी आपलं नाव नीट दिसतंय ना, हे बघतो. मग वस्तू बघतो. मी ज्या शाळेत मराठी शिकवते, तिथलं ऑफिसातलं घड्याळ कधीचं बंद पडलंय, पण ते कोणी दिलं हे अजून लांबून वाचता येतं.

आणि गंमत म्हणजे, याच युसूफभाईंनी उभा जन्म देणाऱ्यांची नावं टाकण्यात घालवला. आमच्या मूल गावच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर ते बसायचे आणि लग्नाच्या भांड्यांवर नावं कोरायचे. हातात ते विजेवरचं सुईचं मशीन. सुरू झालं की चौकापर्यंत आवाज जायचा, म्हणून त्याला ते ‘भुंगा’ म्हणायचे. लग्नसराईत त्यांच्यापुढे गंज, पराती, घागरी घेऊन माणसं ताटकळत उभी असायची. माझ्या लग्नातल्या परातीवरही त्यांचंच अक्षर आहे. मी फळ्यावर लिहिते तेव्हा मला त्या परातीची लाज वाटते, इतकं ते वळणदार.

मग एके वर्षी भुंगा बंद झाला. कोणी म्हणालं, आता स्टील कोण देतं, सगळे पाकिटं देतात. कोणी म्हणालं, युसूफभाईंचा हात कापतो. ते कशालाच हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आमची दोघांची भिंत एकच, पण मीही कधी खोदून विचारलं नाही.

नवीन मशीन त्यांच्या मुलाने नागपूरहून आणून दिलं. आकाराने शिलाई मशीनच्या झाकणाएवढं. चिकट पाठीचा रंगीत व्हिनाइलचा कागद त्यात सरकवायचा, मोबाइलवर नाव लिहायचं, की आतलं बारीक पातं ती अक्षरं कापून देतं. मग ती उचलायची आणि कपावर, बाटलीवर, डब्यावर चिकटवायची. युसूफभाईंनी या मशीनचं नाव ‘सूनबाई’ ठेवलं.

“सूनबाई काऊन हो?” मी विचारलं.

“आवाज करत नाई. पन मनात नसलं तं कामही करत नाई.”

“खरी सून येऊ द्या,” त्यांची बायको, शकीलाभाभी, आतून म्हणाल्या, “मंग आवाज समजन तुमाले.”

कापून झालं की अक्षरांच्या आजूबाजूचा आणि पोटातला फालतू कागद चिमट्याने टिपून काढावा लागतो. युसूफभाई त्याला निंदण म्हणतात, शेतातलं तण उपटतात तसं. आमचा सगळा मुलूख धानाचा, त्यामुळे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सकाळी भिंतीवरून विचारलं, “काय चाललंय?” की उत्तर ठरलेलं, “निंदण करून राह्यलो.” शेत नाही, बांधी नाही, ओसरीत एक टेबल आणि नाकावर चष्मा; पण कंबर दुखल्याची तक्रार मात्र रोवणीच्या बाईएवढी.

त्यांचं खरं वैर राईस मिलच्या तुसाशी. मिल सुरू झाली की तूस हवेत उडतं, आणि एक कण जरी अक्षराखाली गेला की तिथे फोड येतो. म्हणून चिकटवताना दार बंद, खिडकी बंद, भर उन्हाळ्यात पंखा बंद, आणि समोरच्याला हुकूम, “श्वास धरा, बाई.” माझं वय काय, चाळीस पोरं मला घाबरतात, आणि मी तिथे गाल फुगवून उभी! शकीलाभाभी नेमक्या तेव्हाच शिंकतात. मुद्दाम शिंकतात असं माझं पक्कं मत आहे.

गेल्या संक्रांतीला मी वाणासाठी चाळीस स्टीलच्या डब्या आणल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या.

“‘सौ. कुंदा हिजकडून’, एवढंच टाका. बारीक टाकलं तरी चालेल.”

“नाई.”

“नाई म्हणजे?”

“डबी जिच्या हाती जाते तिचं नाव सांगा. तुमचं काऊन?”

“अहो, वाण मी देऊन राहिले ना!”

“ते तुमाले मालूम आहे, तिलेही मालूम आहे. मंग डबीले काऊन सांगाचं?”

माझं डोकंच सणकलं. दोन दिवस मी भिंतीकडे बघितलं नाही. पण संक्रांत काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. शेवटी वही घेऊन नावांची यादी करायला बसले, आणि तिथे माझी फजिती झाली. मेश्रामबाई, पिंटूची आई, गिरणीवाल्या काकू, कोपऱ्यावरची आजी. यांची नावं काय? वर्षानुवर्षं ज्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, त्यातल्या निम्म्या बायकांची नावं मला माहीत नव्हती! मग काय, भर दुपारी दारोदार हिंडले. “काकू, तुमचं नाव काय हो?” असं विचारायचं म्हणजे जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

कोपऱ्यावरच्या आजींचं नाव जाईबाई निघालं. हळदीकुंकवाला त्यांनी डबी घेतली, त्यांना वाचता येत नाही, म्हणून शेजारणीला विचारलं, “काय लिवलं?” तिने सांगितलं. जाईबाईंनी पदराने डबी पुसली आणि घरी जाईपर्यंत ती कोणाच्या हाती दिली नाही. त्या संध्याकाळी मी युसूफभाईंना तिळगूळ दिला, पण चुकले असं काही म्हटलं नाही. तेवढा माझा स्वभाव नाही.

होळीच्या सुट्टीत मी माहेरी, कुरखेड्याला जाणार होते. आदल्या दिवशी युसूफभाई स्वतः आमच्या दारात आले. हा माणूस कधी ओसरी सोडत नाही. हातात रुमालात बांधलेला स्टीलचा डबा होता, लहान मुलाच्या खाऊचा असतो तेवढा. वर निळ्या अक्षरांत ‘मरियम’, आणि शेवटच्या अक्षराला बिलगून एक चिमुकली चिमणी. आत मूठभर खडीसाखर, कारण रिकामं भांडं कोणी देत नाही.

“मशिदीच्या मागच्या गल्लीत झुलेखाआपा राहते. तिच्या हाती द्याचा. मी देल्ला म्हनून सांगाचं नाई.”

“आपा कोण?”

“मोठी बहीन.” एवढं बोलून ते निघून गेले. तीस वर्षांच्या शेजारात मला त्यांना बहीण आहे हे माहीत नव्हतं. पुन्हा तीच फजिती.

उरलेलं शकीलाभाभींनी सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी आपांच्या मुलीचं, नसरीनचं लग्न झालं. एकुलती एक भाची, मामूच्या अंगाखांद्यावर वाढलेली. युसूफभाईंनी एकवीस भांडी दिली आणि महिनाभर खपून प्रत्येकावर वेलबुट्टी कोरली. आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम. पण नावं टाकताना हाताला सवय देणाऱ्याचीच! नसरीनचं नाव कडेला, बारीक. आणि मधोमध, फुलांच्या महिरपीत, ‘युसूफभाई, नाव टाकणारे, मूल’.

सासरच्या बायकांना आयतंच मिळालं. “युसूफची परात घास गं.” “युसूफचा गंज चुलीवर ठेव.” पाहुणे आले की नसरीनला विचारत, “तू कोनाच्या घरची सून? युसूफच्या?” पोरगी रोज भांडी घासायची आणि रोज रडायची. आपांनी ती एकवीसही भांडी बोऱ्यात भरली आणि एसटीने मूलला परत पाठवली. सोबत निरोप एकच: भेट देल्ली का पाटी लावली? त्यानंतर बोलणं बंद, जाणं-येणं बंद, आणि भुंगाही बंद.

“बोरा अजून पलंगाखाली आहे,” भाभी म्हणाल्या. “कोरलेलं निघत नाई ना, बाई. घासलं तरी डाग राह्यते. म्हनून यायले हे चिकटवाचं आवडते. ज्याले नको, त्यानं नखानं काढून टाकावं.” नऊ वर्षांनी नसरीनला मुलगी झाली होती, मरियम; बाळंतपणाला ती आईकडे आली होती, आणि ही खबर युसूफभाईंना दुसऱ्याच नातेवाइकांकडून कळली होती. “हा डबाही वापस आला,” भाभी हळू आवाजात म्हणाल्या, “तं हे मशीनही बंद होते.”

नागभीड, वडसा करत मी कुरखेड्याला पोचले. तो डबा सबंध वाट मांडीवर धरून बसले होते, पिशवीत ठेवायचा धीर झाला नाही. आपांचं घर सापडलं. आत बाळंतिणीच्या शेगडीचा धूर होता, बाळ बारीक रडत होतं. आपा ताठ बाई, युसूफभाईंचंच नाक. त्यांनी डबा घेतला, ‘मरियम’वरून अंगठा फिरवला.

“कोनं देल्ला?”

“देणाऱ्याने नाव सांगू नका म्हटलंय.”

आपांनी डबा पालथा केला. झाकण काढून आतून बघितलं. बूड उजेडाकडे धरलं. मग तो पेटीवर ठेवला आणि मला चहा दिला. मी चपला घालत होते तेव्हा त्यांनी पाठीमागून विचारलं, “मूलले नळ येते का रोज?”

“एक दिवसाआड.”

“हं,” म्हणाल्या, आणि आत गेल्या. मी मूलहून आलेय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर युसूफभाईंनी भिंतीवरून विचारलं, “ठेवला?”

“ठेवला.”

“नख नाई लावलं?”

“माझ्यासमोर तरी नाही.”

“मंग तुमी निघाल्यावर लावलं असन,” असं म्हणून ते खाली बसले. पुढचे तीन आठवडे निंदण बंद. सूनबाईवर फडकं टाकलेलं. मी तीनदा विचारलं, काय चाललंय, तर म्हणायचे, “काई नाई.” मला इतकं वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता, त्या बाईचा, यांचा, स्वतःचा. मी तिथे तोंड उघडून दोन शब्द बोलायला काय झालं होतं?

मग एका सकाळी कुरखेड्याकडून कोणी पाहुणा आला आणि कापडी पिशवी देऊन गेला. मी ओसरीतच होते. रुमाल तोच. युसूफभाईंनी गाठ सोडलीसुद्धा नाही. उठले, खोलीत गेले, पलंगाखालून बोरा ओढला. भांडी खणखणली. ते डबा त्यात टाकणार, एवढ्यात मी ओरडले, “अहो, थांबा! उघडून तर बघा!”

“काय पाहाचं? मूठभर खडीसाखर. ज्याची त्याले वापस.”

“मूठभर खडीसाखरेला दोन्ही हात लागतात का? कसा धरलाय बघा!”

त्यांनी हातांकडे बघितलं. मग शकीलाभाभींनी डबा त्यांच्याकडून काढून घेतला आणि गाठ सोडली. ‘मरियम’ जागच्या जागी, चिमणीची चोचसुद्धा शाबूत. आत काठोकाठ डिंकाचे लाडू, वर चारोळी दाबलेली. बाळंतिणीसाठी केलेले तेच. झाकणाला आतून वहीच्या कागदाची घडी चिकटवली होती. भाभींनी ती माझ्याकडे दिली, आणि मी वाचली:

“मामू, अम्मीनं डबा पालथा करून पाह्यला. म्हनते, नाव टाकाचं राह्यलं. टाकून वापस पाठवा. तुमची नसरीन.”

युसूफभाई बोऱ्याशेजारी खालीच बसले. बराच वेळ डोळ्यांना रुमाल लावून होते. मग ते उठले, फळीवरून फडक्यात गुंडाळलेलं जुनं मशीन काढलं, वायर पुसली, पीन लावली. भुंगा एकदा अडखळला आणि सुरू झाला. डबा रिकामा करून त्यांनी मांडीवर पालथा घेतला. हात कापत नव्हता. कधीच कापत नव्हता.

अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत त्यांनी दोनच अक्षरं कोरली. फुंकर मारली, बाहीने पुसली आणि डबा माझ्यापुढे धरला.

मी चष्मा वर केला, खाली केला. ‘मामू’.

“फार बारीक झालं हो, युसूफभाई,” मी म्हटलं. “आपांना दिसायचं नाही.”

“तिले दिसन,” ते म्हणाले. “मोठं टाकून पाह्यलो एकदा.”