एक्केचाळीस नंबरचा गरुड

गरुड नाहीसा झाला तेव्हा शनिवारी सकाळचे साडेअकरा वाजले होते, आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता पंचवीस माणसं तो बघायला येणार होती.

जावई खुर्चीतल्या खुर्चीत पुढे वाकला. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर आणला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तळं होतं. काठचं वाळकं झाड होतं, झाडामागे पाण्याच्या टाकीचा कोपरा होता, वर हे एवढं निळं आकाश होतं. फक्त आकाशाच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे गरुड असायला हवा होता, तिथेही आकाशच होतं.

हा गरुड म्हणजे सासरेबुवांची आयुष्यभराची कमाई. एकतीस वर्षांपूर्वी, पाणीपुरवठा खात्यात असताना, पंपघराच्या जिन्यावरून त्यांनी तळ्याचा फोटो काढला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याची रंगीत स्लाइड झाली. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला बोटभर फिल्मचा तुकडा; प्रोजेक्टरमध्ये घातला की भिंतभर चित्र. पहिल्यांदा भिंतीवर पडलं तेव्हा त्यात वर डावीकडे एक काळा पक्षी पंख पसरून निघाला. फोटो काढताना तो आपल्याला दिसला नव्हता, हे सासरे प्रामाणिकपणे सांगत. मासेमार गरुड चपळ असतो, असं त्यावर त्यांचं स्पष्टीकरण होतं. त्या तळ्यावर हा गरुड त्याआधी कुणी पाहिला नव्हता आणि नंतरही कुणाला दिसला नाही.

गावातल्या पक्षीमंडळात सासऱ्यांच्या तोडीस तोड माणूस एकच, ते लॅबवाले. रक्त तपासायच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांची नोकरी संपली होती. बारीक दिसण्याबाबत ते कुणाचं ऐकून घेत नसत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की ही घार आहे. शेपटीला खाच आहे, गरुडाच्या शेपटीला खाच नसते. सासरे म्हणाले, पंखांचा बाक बघा. लॅबवाले म्हणाले, बाक तुमच्या डोक्यात आहे. ही चर्चा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, याप्रमाणे एकतीस वर्षं चालू होती.

आता मात्र निकाल लागायचा होता. मंडळ तळ्यावरच्या पक्ष्यांची यादी पुस्तिकेच्या रूपात छापणार होतं. गरुड त्यात घ्यायचा की नाही, हे उद्याच्या बैठकीत, सर्वांनी स्लाइड बघितल्यावर ठरणार होतं. घेतला तर खाली सासऱ्यांचं नाव. आणि नेमका प्रोजेक्टरचा दिवा गेला होता. तसला दिवा हल्ली मिळत नाही, तेव्हा शंभर स्लाइड्स कॉम्प्युटरवर घ्यायच्या असं ठरलं.

“मी करून देतो,” असं जावई जेवताना म्हणाला तेव्हा घास हातातच ठेवून सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्यांनी त्याला ट्यूबलाइट बदलण्यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. जावई कवळ्या बनवायचा. मुलीला डॉक्टर नवरा मिळाला नाही याचं त्यांना दुःख नव्हतं. पण डॉक्टरच्या जवळपास जाऊन थांबला, हे त्यांना लागलं होतं. ओळख करून देताना ते “आमचे दातवाले जावई” एवढंच म्हणत, आणि समोरच्याने पुढे काही विचारण्याआधी पक्ष्यांवर येत. तरीही स्लाइड्सचं खोकं त्यांनी दिलं. देताना म्हणाले, “एक्केचाळीस नंबर जपून.”

जावयाने स्कॅनर एका फोटो स्टुडिओवाल्याकडून आणला होता. त्याच्या वरच्या दातांचा सेट जावयानेच केला असल्यामुळे तो नाही म्हणू शकला नाही. यंत्र सुरू करताना एक प्रश्न आला: धूळ आणि ओरखडे काढून टाकायचे का? जावई स्वभावाने स्वच्छ. त्याने हो म्हटलं.

आता त्याने स्टुडिओवाल्याला फोन लावला. तुझं यंत्र पक्षी खातं, असं सांगितलं. स्टुडिओवाला दुखावला. यंत्रात एक वेगळा दिवा असतो, फिल्मच्या आत जे चित्र आहे त्याला तो हात लावत नाही, वर जे बसलंय तेवढंच टिपून काढतो, असं त्याने दोनदा समजावलं. जावयाने खात्री करून घेतली. बारा नंबरचे बगळे जागच्या जागी होते. सव्वीस नंबरमध्ये तारेवर टाचणीच्या डोक्याएवढे एकोणीस पक्षी होते. मोजले, एकोणीसच्या एकोणीस हजर. मग यंत्राचं गरुडाशीच काय वाकडं होतं, ते त्याला कळेना. माणूस घाबरला की समोरचं उत्तरही त्याला बाजूला सारायची वस्तू वाटते.

त्याने साफसफाईची सोय बंद केली. पण म्हणजे आता यंत्र धूळ काढणार नाही. मग ती आपण काढली पाहिजे. मेणाच्या हिरड्यांवरून फिरवायचा मऊ ब्रश त्याने घेतला आणि एक्केचाळीस नंबरवरून अलगद एकदाच फिरवला. स्कॅन केलं. तळं आलं, झाड आलं, टाकीचा कोपरा आला.

जावयाने भिंग डोळ्याला लावलं आणि उजेडाला स्लाइड धरली. नाही. मग, का कोण जाणे, ब्रश धरला.

गरुड ब्रशावर होता. दोन पंख पसरून केसाच्या टोकाला लटकला होता. काळा, बाकदार, दोऱ्याच्या तुसाएवढा. शेपटीला खाच होती. त्या बाबतीत लॅबवाल्यांचं म्हणणं बरोबर होतं.

जेवणाचा डबा घेऊन बायको आली तेव्हा नवरा ब्रश हवेत उभा धरून बसला होता आणि पंखा बंद होता. तिने विचारलं नाही तरी त्याने सगळं सांगितलं. बाबांचा एकतीस वर्षांचा गरुड म्हणजे कचरा आहे, हे वाक्य त्याने जरा गुंडाळून सांगितलं. तिने भिंगातून पाहिलं.

“हाच,” ती म्हणाली. “माझ्या लहानपणापासून बघतेय. हाच.”

“आता काय करू?”

“काय करू म्हणजे? परत बसव. दिवसभर तोंडात दात बसवतोस, एक पक्षी बसवता येत नाही?”

तेही खरंच होतं. जावयाने सर्वांत बारीक चिमटा काढला. टाचणीच्या टोकावर मेणाचा ठिपका घेतला. श्वास रोखून त्याने गरुडाला ब्रशावरून उचललं आणि आकाशात डावीकडे नेलं. हात अजिबात कापत नव्हता. अशी कामगिरी त्याने अकरा वर्षांत एकदाही सासऱ्यांच्या देखत केली नव्हती. पंख टेकले. शेपटी टेकायची राहिली होती.

“अजून जरा वर,” बायको कानाशी वाकून म्हणाली.

तिच्या त्या एवढ्याशा वाऱ्याने गरुड उडाला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तो खरोखर उडाला, पण ते बघायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

पुढचा तास दोघं गुडघ्यांवर होती. कवळ्यांच्या कारखान्याची ती फरशी. तिच्यावर प्लास्टरची भुकटी, मेणाचे काप, कापसाचे धागे. भिंगातून पाहिलं की प्रत्येक तूस पंख पसरायला लागे. बायकोने चार गरुड आणले. एकाला तीन पंख होते, एक कोळ्याचा पाय निघाला. मग जावयाने कॉम्प्युटरवर पक्षी काढून बघितला. तो मिशीसारखा दिसला. सव्वीस नंबरच्या तारेवरचा एक उचलून इकडे आणून चिकटवला, तर तो आकाशात अधांतरी बसलेला दिसू लागला.

“बाबांना सांगून टाक,” बायको शेवटी म्हणाली. “तू सांग. मी सांगितलं तर म्हणतील मीच उडवला.” मग जरा थांबून म्हणाली, “म्हणजे मीच उडवला.”

संध्याकाळी जावई सांगायला गेला. सासरे उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होते. फोन कानाशी आणि खांद्याशी दाबून कुणाशी तरी बोलत होते. “नाही हो, काळजीच नाही,” ते म्हणत होते. “आमच्या जावयाने केलंय काम. हात फार कसबी आहे त्यांचा.” दातवाले हा शब्द नव्हता. जावई स्वयंपाकघरात गेला, दोन ग्लास पाणी प्यायला आणि न सांगताच परत आला.

रविवारी वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. मंडळाच्या अध्यक्ष ग्रंथपालबाई यादीचा कागद घेऊन पुढे बसल्या. लॅबवाले पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. जावई मागे कॉम्प्युटरपाशी. नव्या प्रोजेक्टरची वायर त्याच्या पायाशी होती, आणि तिसाव्या स्लाइडपासून त्याचा अंगठा तिच्यावर होता. नुसता ओढायचा अवकाश. पण वीज गेली तर येते, आणि आल्यावर आकाश तेच.

पस्तीस गेली. अडतीसला लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाळीस नंबरला सासरे उठले, काठी घेतली, आणि पडद्याकडे पाठ करून लोकांसमोर उभे राहिले.

“आता एक्केचाळीस,” ते म्हणाले.

जावयाने बटण दाबलं.

सासऱ्यांनी मागे न बघताच काठी उचलली आणि बरोबर वर डाव्या कोपऱ्यावर टेकवली. एकतीस वर्षांचा सराव. “पंखांचा बाक पाहा,” ते म्हणाले. “आणि मग मला सांगा, घारीला असा बाक असतो का.”

मागच्या रांगांतल्यांनी माना उंचावल्या.

“कुठे?” ग्रंथपालबाईंनी हळूच विचारलं.

सासरे वळले. काठीच्या टोकाकडे त्यांनी पाहिलं. पाहत राहिले. काठी खाली आली नाही, पण तिचं टोक हलायला लागलं.

लॅबवाले उठले. सावकाश पडद्यापाशी गेले. चष्मा काढला, पुसला, घातला. काठीच्या टोकाशी नाक नेऊन त्यांनी ते निळं आकाश पाहिलं, अगदी काचपट्टी तपासावी तसं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. मग मागे वळून जावयाकडे, त्यातही त्याच्या बोटांकडे. एकतीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो त्यांच्या हातात होता. जावयाने अंगठा वायरवर दाबला.

“घार आहे,” लॅबवाले म्हणाले.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, “अहो, पण मला तर तिथे काहीच—”

“बाई, चष्म्याचा नंबर बदलून घ्या. खाच इतकी स्वच्छ दिसतेय.”

काठीचं टोक स्थिर झालं. “कसली खाच?” सासरे म्हणाले. काठी त्यांनी जराशी खाली, शेपटीवर आणली. “शेपटीची दोन पिसं गळलीत त्याची. एवढं कळत नाही?”

“गळलेली पिसं कळतात, तर बाक का नाही दिसत मला?”

“तो बघणाऱ्यावर असतो.”

मग चाळीस मिनिटं कुणी थांबवू शकलं नाही. हळूहळू बाकीच्यांनाही दिसायला लागलं. एक निवृत्त पोस्टमन म्हणाले, गरुडच, पायात मासासुद्धा आहे. मासा आहे म्हटल्यावर लॅबवाले त्यांच्यावर घसरले, कारण मासा त्यांना मुळीच मान्य नव्हता. ग्रंथपालबाईंनी अखेर यादीत लिहिलं: मासेमार गरुड किंवा घार, मतभेद कायम, छायाचित्र मंडळाकडे. खाली दोघांची नावं. कुणाचं वर, यावर आणखी दहा मिनिटं गेली.

दोन दिवसांनी सासरे स्वतः जावयाच्या कारखान्यात आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी कवळ्यांची रांग पाहिली, चिमटे पाहिले, मऊ ब्रश हातात घेऊन पाहिला, मेणाचा डबा उघडून पाहिला, आणि बरोबर आणलेलं दुसरं खोकं टेबलावर ठेवलं. डोंगरावरच्या ऐंशी स्लाइड्स राहिल्या आहेत, सवडीने करा, काही घाई नाही, असं म्हणाले.

जावयाने खोकं जवळ ओढलं. सासरे दारापर्यंत गेले आणि थांबले.

“सतरा नंबरला तेवढा ब्रश लावू नका,” ते म्हणाले. “त्यात घुबड आहे.”