तटस्थ वाचक हवा

गोदामाच्या फाटकापाशी कस्टमच्या साहेबांनी खिसा चाचपला. वरचा. मग खालचा. मग ड्रायव्हरचासुद्धा.

"चष्मा आत राहिला."

आत म्हणजे कंटेनरच्या आत. बंदरावर माल मोजताना चष्मा खोक्यावर ठेवला, दार लागलं, कस्टमचं सील बसलं. कर भरेपर्यंत परदेशी माल असाच सीलबंद, साहेबांच्या पहाऱ्यात, इथल्या सरकारी गोदामापर्यंत आणायचा. सीलचा नंबर कागदाशी जुळला की फाटक उघडणार. नंबर वाचायचा साहेबांनी. आणि साहेबांना –

"माल काय आहे, साहेब?"

"वाचायचे चष्मे."

ड्रायव्हर हसला नाही. थोड्याच वेळात पलीकडच्या शाळेत त्याच्या लेकीचं नाटक होतं. आधीची दोन रस्त्यावरच हुकली होती. लेक आता त्याला 'पाहुणे' म्हणायची.

"कुणाचा तरी चष्मा लावा."

"दुसऱ्याच्या नजरेनं सही करू?"

"मग मी वाचतो की!"

"तू माल आणणारा."

"मग गोदामाचा हा पहारेकरी?"

"माल घेणारा. तटस्थ माणूस आण."

ड्रायव्हर रस्त्यावर धावला.

सायकलवाला आला, सीलकडे वाकला. "आत काय आहे हो?"

"बाद! ज्याला उत्सुकता, तो तटस्थ कसला?"

भाजीवाल्या मावशी. "एवढा बंदोबस्त? सोनंच असणार!"

बाद.

मग गर्दी जमली. गर्दी तर उत्सुकतेचीच बनलेली असते. घाऊक बाद.

एवढ्यात गर्दीतून एक झाड आलं. पुठ्ठ्याचं खोड, कागदी पानं. मागून ड्रायव्हरची बायको. "म्हटलं, पाहुण्यांना न्यायला आपणच जावं!"

"बाळा, आधी हा नंबर वाच," ड्रायव्हर म्हणाला. "आणि काही म्हणजे काही विचारू नकोस."

झाडानं खणखणीत आवाजात नंबर वाचला. पहारेकऱ्यानं कागद पाहिला. जुळला!

"थांब," साहेब म्हणाले. "तू ड्रायव्हरची कोण?"

"आत्ता कुणीच नाही. मी झाड आहे."

साहेबांनी डोळे मिटून सगळे नियम आठवून पाहिले. झाडाबद्दल कुठेच काही नव्हतं. त्यांनी सही ठोकली. फाटक उघडलं, गाडी आत गेली, आणि ड्रायव्हर झाडाला कडेवर घेऊन शाळेकडे पळत सुटला.

मागून बूट आपटत साहेब.

"अगं, पण नाटकात झाड करतं काय?"

"बोलतं."

"काय बोलतं?"

"बघायला या. पण मधे मधे विचारायचं नाही हं."

सील तोडायला गोदामात सगळे साहेबांची वाट बघत होते. साहेब पहिल्या रांगेत होते.