लंकाबाईची गाय आणि चार कप्प्या

"चार बायका बास झाल्या! पाचवी आलीच, तर तिनं सावलीत बसून नुसतं बघायचं!"

विहिरीच्या काठावर उभं राहून मी हे जाहीर केलं. आवाज असा, की जणू गाय वर येऊन चारा खायला लागलीसुद्धा!

गाय मात्र अजून खालीच होती. लंकाबाईची चंद्री. साडेचारशे किलोची, सात महिन्यांची गाभण. सकाळी चरता चरता बिनकठड्याच्या विहिरीत गेली होती. चाळीस फूट खोल विहीर आणि तळाला छातीभर पाणी. चंद्री त्यात उभी राहून वर बघत होती. हंबरायचंही तिनं आता सोडलं होतं.

पाथर्डी रस्त्यावरचा जेसीबीवाला फोनवर म्हणाला, "चार वाजतील." तेव्हा वाजला होता एक. गावातले बाप्ये एका लग्नाला नगरला गेलेले. शेजारच्या वावरात कांदा काढणाऱ्या दहा बायका, वावराचा मालक भिमाजी, लंकाबाई आणि मी, विज्ञान शिकवून निवृत्त झालेला गुरुजी, एवढेच हाताशी.

"गुरुजी, तिचं पाय थरथर करत्यात वो," लंकाबाई म्हणाली. "चारपत्तुर न्हाई टिकायची ती."

विहिरीवर भिमाजीचा तीन लोखंडी पाइपांचा घोडा उभाच होता. मोटर काढायला आणलेल्या चार कप्प्या आणि शंभर फूट दोरही होता. माझ्या डोक्यात दिवा पेटला!

"एका कप्पीनं ओझं कमी होत नाही," मी बायकांना समजावलं. "नुसती दिशा बदलते. आपण खाली ओढायचं, ओझं वर जातं. पण ओझ्यालाच कप्पी बांधली, की ओझं दोन दोरांवर वाटलं जातं. दोन कप्प्या वर, दोन खाली लावल्या, की चार दोरांवर! साडेचारशे भागिले चार!"

"म्हंजी गाय हलकी हुती व्हय?" त्या बायकांतल्या पंकजानं विचारलं.

"गाय तेवढीच. आपला वाटा कमी."

हे तिला पटलं. भिमाजी मात्र दोराकडं बघत मान खाजवत होता. "गुरुजी, दोर पुरंल का?"

"अरे, विहीर चाळीस फूट, दोर शंभर फूट! अजून काय पाहिजे?"

कप्प्या ओवल्या आणि खालच्या कप्प्यांचा लोखंडी आकडा विहिरीत सोडला. वीस फुटांवर तो थांबला. खाली चंद्री, वर आकडा, मध्ये वीस फूट हवा! चार दोर खाली जायचे तर दोर चारपट लागतो, हे मी फळ्यावर कित्येकदा लिहिलं होतं. पण फळ्यावरची विहीर वीतभर असते!

मी हार मानली नाही. आकड्याला दुसरा एक जाड दोर बांधून तो खाली सोडला. भिमाजी विहिरीच्या भिंतीतल्या अरुंद पायऱ्यांनी उतरला, गोणपाटाच्या घड्या चंद्रीच्या पोटाखालून घेऊन दोराला बांधल्या आणि ओरडला, "वढा!"

चार बायकांनी ओढलं. खरंच हलकं! पण चार हात दोर आला, की चंद्री एक हात वर यायची. बायका मागं मागं चालत निघाल्या. बांध ओलांडला, वाफ्यांतून गेल्या, मग भिमाजीच्या कांद्याच्या ढिगात पाठमोऱ्या शिरल्या.

"गुरुजी, आमी रस्त्याला लागलो! गाय कुटवर आली?"

"निम्म्यावर!"

आणि तिथंच दोर थटला. बघतो तर खालच्या कप्प्या वरच्या कप्प्यांना जाऊन टेकल्या होत्या. आता दोरावर दोनशे माणसं लावली असती तरी चंद्री बोटभर वर सरकली नसती. वीस फूट वर, वीस फूट खाली, मध्ये चंद्री लोंबकळत, गोल गोल फिरत!

लंकाबाई विहिरीत डोकावली. काठावरच बसली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, तिच्या पोटाला काच बसतोय."

इतका वेळ मी साडेचारशे किलोला चारनं भागत होतो. त्या किलोंच्या आत एक वासरू आहे, हे गणितात कुठं आलंच नव्हतं.

तेवढ्यात विहिरीतून भिमाजीचा आवाज आला, "हळू खाली सोडा! दोन कप्प्या काढून टाका. दोनच ऱ्हाऊ द्या, एक वर, एक खाली. दोर तळापत्तुर पुरंल. जड जाईल, पर माणसं हायेत की आपल्याकडं!"

मी मनात मांडून बघितलं. दोन दोर, चाळीस फूट, म्हणजे ऐंशी. वीस फूट हातात. पुरत होता! कप्पी फुकट काहीच देत नाही. ताकद वाचवली, तर तेवढा दोर मागते. आमच्याकडं दोर कमी होता आणि हात शिल्लक होते. त्यातले निम्म्याहून जास्त हात मीच सावलीत बसवले होते!

चंद्रीला अलगद खाली टेकवलं. कप्प्या बदलल्या. दहाही बायका, लंकाबाई आणि सगळ्यात शेवटी मी, असे बारा जण दोराला लागलो.

"वढा! अजून! थांबू नका गं!"

दोर करकरला. चंद्रीची शिंगं दिसली, मग कपाळ, मग गोणपाटात गुंडाळलेलं ते मोठं पोट. भिमाजी वर येऊन काठावर उभा होताच. त्यानं कासरा धरून तिला बाजूला ओढलं. ती जमिनीवर टेकली, दोनदा धडपडली आणि उभी राहिली! लंकाबाईनं तिच्या पोटाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"हाय. हलतंय!"

बायका जिथं होत्या तिथंच बसल्या आणि हातांवर फुंकर मारायला लागल्या. दोरानं सगळ्यांचे तळवे सोलले होते. लंकाबाईनं वाटीत खोबरेल आणलं आणि एकेकीच्या हाताला लावत लावत माझ्यापाशी आली.

"आना गुरुजी, हात."

मी हात पुढं केले. तिनं ते बघितले. उलटे करून बघितले. पुन्हा सुलटे केले. दोन्ही तळवे कसे स्वच्छ, गुळगुळीत! बोटावरचं तेल परत वाटीत निपटलं आणि पंकजाकडं वळली.

काय करू? खरीखुरी गाय उचलणारी कप्पी मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो हो! दोन हात दोर आला की चंद्री एक हात वर, अगदी पुस्तकातल्यासारखी! त्या नादात दोर नुसताच धरून राहिलो. ओढायचं तेवढं राहून गेलं!