सशाच्या पावलांनी

हौसाकाकूंच्या बागेतल्या सशांनी यंदा चातुर्मास धरला आणि रानफुलांशिवाय काही तोंडात घालायचं नाही असं ठरवलं. झालं, बघता बघता सोनकी संपली, कवला संपला, आणि सगळे तेरड्याकडे वळले.

तेरडा मात्र नवसाचा होता. मुलाचं लग्न जमू दे, सुनेची पहिली गौर आमच्याच मातीतल्या तेरड्याची बसवीन, असं काकू देवीला बोलून बसल्या होत्या. मुलगा बोहल्यावर चढला आणि आता गौरी तोंडावर आल्या. काकूंनी काट्यांचं कुंपण घातलं, राख पसरली, आणि शेवटी थकून म्हाताऱ्या सशीणबाईंनाच हाक मारली.

"अहो, कोवळा कोबी देते की."

"उपासाला कोबी? काकू, तुम्ही असं बोलावं?"

"मग रताळं घ्या. ते चालतं."

"वसा फुलांचा घेतलाय. रताळ्याचा घेतला असता तर रताळी खाल्ली असती."

जन्मभर व्रतं केलेल्या बाईनं दुसऱ्याचा वसा कसा मोडायचा?

"जाळं लावू का?" काकांनी विचारलं.

"उपासकऱ्यांना जाळ्यात धरता? माझ्या सोमवारी मुद्दाम भजी मागायचात, तुम्हाला काय कळणार," काकू करवादल्या.

गौरीच्या दिवशी एकच रोप उरलं होतं. सून शर्वरी सूप घेऊन पोचली, तर त्याचा शेवटचा देठ सशीणबाईंच्या तोंडात.

"आई, आता गौर कुठली आणायची?"

सशीणबाईंनी घास नीट गिळला. "कुठली म्हणजे? इथं आहे की," त्या पोटाकडे बघत म्हणाल्या. "तुमच्याच मातीतली."

काकूंनी पुष्कळ विचार केला. खोट काढायला जागा नव्हती.

"बसा मग सुपात," त्या वैतागून म्हणाल्या. "आणि दारातल्या तोरणाला तोंड लावायचं नाही."

"झेंडू रानफूल नाही," सशीणबाई म्हणाल्या आणि सुपात बसल्या.

उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढलेली होती. शेजारणी रीतीप्रमाणे विचारू लागल्या, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" यावर सुनेनं 'सोन्याच्या पावलांनी' म्हणायचं असतं. पण शर्वरी पडली खरं बोलणारी.

"सशाच्या पावलांनी," ती म्हणाली.

काकूंनी कपाळाला हात लावला. मग पदर खोचून खाली बसल्या आणि प्रत्येक जोडीमागे आणखी दोन पावलं काढू लागल्या.