कळकलेलं सरबत

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं की नाही, हे बाकीच्या सुनांच्या बाबतीत सासू ठरवते, नवरा ठरवतो, फार तर बैल ठरवतात. जमुनाच्या बाबतीत मात्र ते सरबत ठरवणार होतं.

त्याचं असं झालं, की पार समुद्रापलीकडे अमेरिकेत कुणीतरी कुणाशी तरी लढत होतं, आणि त्यामुळे इकडे अमरावतीत तिच्या सासऱ्यांचा, भगवंतरावांचा कापूस सोन्यासारखा विकला जात होता. लढाई कशावरून जुंपली आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ती मिटू नये म्हणून गोदाबाई रोज देवापुढे दिवा लावायच्या.

आता मुंबईचे दलालशेट खुद्द घरी यायचे होते. गोदाबाईंनी सुनेला बोलावलं.

"तुही माय अकोल्यात ते फालशाचं लिंबूसरबत करते म्हनतं, ते येते का तुले?"

"येते जी, आत्याबाई!"

"मंग कर. शेट खूश झाले तं सूर्यभानासंगं जाशीन अखाजीले. नाई झाले तं इथंच बसजो."

सूर्यभान म्हणजे जमुनाचा थोरला भाऊ. तो बैलांची दमणी घेऊन सकाळीच येऊन बसला होता. जमुनाचं अर्धं मन तर तेव्हाच दमणीत चढलं. फालशाचं सरबत तिला डोळे मिटूनही करता आलं असतं! ती म्हणाली, "आत्याबाई, फक्त एक मडकं द्या."

"मडकं?" गोदाबाईंनी असं पाहिलं, जणू सुनेनं घरात बांधायला गाढव मागितलं. घरातली झाडून सगळी मडकी त्यांनी दिवाळीतच मजुरांना वाटून टाकली होती. आता फळीवर ओळीनं तांब्या-पितळेची भांडी चमकत होती. "शेटले मडक्यातलं पाजतं? लोक काय म्हनतीन, भगवंतरावाच्या वावरात यंदा कापूस नाई पिकला का? ते नवं तांब्याचं तपेलं घे!"

"पन लिंबू हाय जी त्यात. बिनाकल्हईच्या तपेल्यात कळकीन ना."

"मंग कल्हई करून घे. मी का हात धरला तुहा?"

जमुना तपेलं घेऊन मागच्या गल्लीत फारुख कल्हईवाल्याकडे धावली. भट्टी थंडगार. दारात त्याची बायको कुलसुमबी लसूण सोलत बसली होती.

"वो तो कपास की गाडी हाकने गये, बेटी. कल्हई कौन करता अब?"

"दुसरं कोनी?"

"सबीच गये. न्हावी गया, सुतार गया. परसों तो काजीसाब का भतीजा बी बैल पूछने आया था."

पण जमुना हार मानणारी नव्हती. कळकायला वेळ लागतो, मग वेळच द्यायचा नाही! पाहुणे यायच्या अगदी थोडं आधी करायचं आणि लगेच पेल्यांत ओतायचं. तिनं लिंबं पिळली, फालसे कुस्करून फडक्यातून गाळले, खडीसाखर विरघळवली, वरून वेलदोडा टाकला. जांभळ्या रंगाचं असं काही सरबत उतरलं, की चव घेताना तिला आईची परसदारची सावली आठवली.

तेवढ्यात बाजारातून निरोप आला. शेट तिथल्या नत्थुजी कापूसवाल्यांच्या मालाचा भाव करत बसले आहेत, जरा उशीर होईल.

तो 'जरा' पार दिवस कलेपर्यंत चालला. जमुनानं पुन्हा झाकण काढलं तर सरबताचा जांभळा रंग काळवंडला होता. तिनं बोट बुडवून चाटलं. जिभेवर कुणीतरी जुना ढब्बू पैसा घासावा तशी चव.

"आत्याबाई, कळकलं! फेकून देऊ?"

"फेकतं? खडीसाखर का झाडाले लागते? अजून टाक साखर!"

साखर टाकली. आता ते आधी गोड लागायचं आणि मग कडू, म्हणजे जास्तच फसवं.

ओसरीवर चांदीचे पेले फिरले. जमुना दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. शेटनी मोठा घोट घेतला आणि ते थांबले. तोंडात सरबत, कपाळावर आठी. नत्थुजी आणि बाकीचे पाहुणेही तोंडात घोट धरून शेटच्या तोंडाकडे पाहत राहिले. मुंबईचा माणूस थुंकला तर थुंकायचं, त्यानं गिळलं तर गिळायचं.

शेटच्या मनात उद्याचा सौदा होता. त्यांनी गिळलं.

"वा! असं सरबत आमच्या मुंबईतसुद्धा मिळत नाही!"

हे मात्र अगदी खरं होतं.

गट्‌गट्‌ सगळ्यांनी गिळलं. नत्थुजींनी तर पेला पुढे केला, "अजून द्या बाप्पा, काय चव हाय!" भगवंतराव डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "आमच्या सुनंच्या हातचं हाय." एकटा सूर्यभान पेला खाली ठेवून बोलला, "मामंजी, हे कळकलं जी!" त्यावर सगळी ओसरी खो खो हसली. नत्थुजी म्हणाले, "अकोल्याच्या मानसाले काय समजते सरबतातलं!"

दुसऱ्या दिवशी बाजारात सगळेच उशिरा आले, आणि कुणी कुणाला कारण विचारलं नाही.

इकडे दमणी जुंपून तयार, जमुना गाठोडं घेऊन उंबऱ्यावर. गोदाबाईंनी तिच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं.

"शेट अजून राहून राहिले. रोज तेच सरबत पाहिजे म्हनतात. तू गेली तं करीन कोन?"

"तुमी करा ना, आत्याबाई! सोपं हाय!" जमुना अगदी उड्या मारत सांगू लागली. "त्यात माह्या हाताचं काईच नाई. बिनाकल्हईच्या तपेल्यात ठेवून द्या, आपोआप कळकते!"

गोदाबाईंनी फळीवरच्या तपेल्याकडे पाहिलं.

"म्हंजे साखर टाकून शेटले आपुन कळकलेलंच पाजलं?"

"हो जी."

"अन् हे तुले पक्कं मालूम हाय."

"हो जी!"

"अन् अकोल्यात शेटची पेढी हाय. सूर्यभानाले लोक हासले, तुहं मात्र खरं मानतीन." गोदाबाईंनी गाठोडं आत नेऊन फळीवर ठेवलं. "लढाई मिटेपर्यंत तू घराच्या भायेर पाय टाकू नोको."

सूर्यभाननं कासरा हातात घेतला.

"मायले काय सांगू, बाई?"

जमुनानं पदरानं तोंड पुसलं.

"सांग, माह्या हातचं सरबत सगळ्याइले लय आवडलं."